दातेरी काचेचा दिवा: ओळख पटवण्याच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

जुन्या बाजारातून काचेचा एक टांगता दिवा घेतला, अठराशे रुपयांना. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या या बाजारात ऊन चढायच्या आत गेलं तरच काही हाती लागतं. शिलाई मशीनचे बिडाचे पाय, पितळी नळ, चकतीचे फोन यांच्या गर्दीत हा गोणपाटावर उपडा पडला होता. काजळीने इतका काळा झालेला, की काच आहे हे उचलल्यावर कळलं, हाताला लागलेल्या वजनावरून आणि गारव्यावरून.

विकणारे म्हणाले, "ताई, रेल्वेचा आहे. साहेबाच्या सलून डब्यातला." मिळाला कुठून, असं विचारल्यावर मात्र सांगितलं की कॅम्पातला एक बंगला पाडला, तिथल्या भंगारात लाकडी स्विचबोर्डाबरोबर आला. दोन्ही गोष्टी लिहून ठेवते. विक्रेत्याच्या शब्दावर वस्तूचं मूळ ठरवू नये, पण तो शब्द टाकूनही देऊ नये. कोणता माल कशाबरोबर आला, हे ही मंडळी सहसा खरं सांगतात.

मापं: खालचा उघडा व्यास २७ सेंमी, काचेची उंची १७ सेंमी, पितळी कड्यासकट वजन २.३ किलो. वर काच धरणारं पितळेचं कडं, त्याला तीन बाजूंनी तीन स्क्रू. स्क्रूंवर ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की खाचाही दिसत नाहीत. त्यामुळे काचेची मान कड्यात अडकलेली आहे आणि शिक्का, अक्षर, आकडा काही असलंच तर ते तिथेच झाकलेलं असणार. कडं जोर लावून काढायचं नाही. मानेला तडा गेला की सगळंच संपलं.

काचेला बाहेरून आडव्या कडा आहेत, एकावर एक रचलेल्या ताटांच्या काठांसारख्या. आतून मात्र उभ्या पन्हळी. खालच्या काठाला नखाएवढा एक टवका, बाकी शाबूत.

७ जानेवारी

धुतला. रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ दातांचा ब्रश, बस. साबणाची पावडर नको, घासणी तर अजिबात नको, आणि कढत पाणीही नको. जाड काच एका बाजूने एकदम तापली तर उलते.

काळपणाचे दोन थर निघाले. वरचा धुळीचा, तो सहज गेला. खालचा पिवळट, चिकट, तेलाचा. एवढं तेल दिवाणखान्यात बसत नाही. हा दिवा शेवटची कित्येक वर्षं स्वयंपाकघरात किंवा त्याच्या तोंडाशी टांगलेला असावा. ब्रश आडव्या खाचांतून एकाच दिशेने फिरवत गेले आणि दर दोन-तीन खाचांनी पाणी बदललं. संध्याकाळ त्यातच गेली.

स्वच्छ झाल्यावर पहिली महत्त्वाची खूण सापडली. बाहेरच्या अंगाला वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर चार बारीक उभ्या रेषा आहेत, नखाला लागतात. आत तशी एकही नाही. म्हणजे ही काच फुंकलेली नाही, दाबलेली आहे. चार पाकळ्यांच्या लोखंडी साच्यात वितळलेल्या काचेचा गोळा टाकायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा. बाहेरची नक्षी साचा देतो, आतली दट्ट्या देतो. आडव्या कडांचा साचा सरळ वर उचलून निघत नाही, तो बाजूंना उघडावा लागतो, म्हणून या जोडाच्या रेषा. दट्ट्या अखंड असतो, म्हणून आत रेषा नाही. आतल्या पन्हळी उभ्या का, याचाही अर्धा उलगडा इथेच होतो: आत आडव्या कडा असत्या तर दट्ट्या बाहेरच आला नसता.

वाड्यांतल्या आणि देवळांतल्या हंड्या बहुतेक फुंकलेल्या असतात, पातळ आणि हलक्या. त्यांच्या कुळातला हा नव्हे. दाबकामाचा नेमका साचा करायला खर्च फार येतो, आणि तो खर्च शेकड्यांनी नग काढणाराच करतो. मागे कारखाना आहे, एकटा कारागीर नाही.

८ जानेवारी

नोटा तपासायची यूव्ही टॉर्च अंधारात मारून पाहिली. हिरवी चमक नाही. म्हणजे युरेनियमची काच नाही, आणि मँगनीजची फिकट झाकही दिसत नाही. वाळूतल्या लोखंडाचा हिरवेपणा मारायला पूर्वी मँगनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर जांभळट होते. पहिल्या महायुद्धानंतर सेलेनियम आलं आणि मँगनीज मागे पडत गेलं. एवढ्यावर साल ठरत नाही, पण पारडं अलीकडच्या बाजूला थोडं झुकतं.

११ जानेवारी, शनिवार

दिवा टॉवेलमध्ये गुंडाळून तपकीर गल्लीत नेला. तिथे एक वयस्कर फिटर काका आहेत. जुन्या वायरिंगचं काही निघालं की मी त्यांच्याकडेच जाते. गल्लीत चालायला जागा नाही, तरी त्यांनी दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून दिवा मांडीवर घेतला आणि काचेकडे न बघता आधी होल्डर बघितला. मला हे फार आवडलं. काच डोळ्यांना भुलवते, पण होल्डर तसं काही करत नाही.

"पितळी होल्डर, आत चिनी माती. दोन खाचांचा, आपला नेहमीचाच. हे आटे बघ, अर्धा इंची, बारीक. इंचाला सव्वीस. विलायती माप आहे."

"काका, मग अमेरिकन नाही?"

"अमेरिकन असता तर बल्ब फिरवून बसवायचा असता. हा दाबून फिरवायचा आहे. आणि हे वाच." होल्डरच्या कडेवरची रोमन अक्षरं त्यांनी अंगठ्याने पुसली: 'मेड इन इंग्लंड'.

रेल्वेचं विचारलं. त्यांनी मान हलवली. डब्यातले दिवे चोवीस व्होल्टवर चालायचे, डायनॅमो आणि बॅटरीवर, आणि रेल्वेच्या मालावर सहसा ठसा असतो. जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची वस्तू असेल तर तिच्यावर जीआयपी लिहिलेलं सापडतं. या कड्यावर, साखळीवर, वरच्या वाटीवर कुठेही तसं काही नाही. दिवा घरातला किंवा कचेरीतला.

मग काकांनी काच उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "ओगल्यांची असली तर काय बहार येईल!" मलाही वाटून गेलं. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आमच्या आजोळीही होता. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला, तो लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. पुण्याच्या अंगणातली ही नावं, ती मनात येणारच. पण ओगलेवाडीचं नाव झालं ते कंदिलाच्या काचांनी, आणि त्या फुंकलेल्या, पातळ, गुळगुळीत असतात. या दिव्याची काच वेगळ्या विचारातून आलेली आहे. तो विचार कोणता, हे काचेकडूनच काढून घ्यायला हवं.

१४ जानेवारी, संक्रांत

काम नव्हतं. संध्याकाळी हळदीकुंकवाला वहिनी आल्या. त्या दातांच्या डॉक्टर. दिवा टेबलावर होता. तिळगूळ हातात तसाच ठेवून त्यांनी बोट कडांवरून वरून खाली फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, हे सगळे दात एकसारखे नाहीत. वरचे टोकदार लागतात, खालचे बोथट. इम्प्रेशन घेऊ या का?"

मी इतके दिवस या कडांना नक्षी म्हणत होते. आजपासून त्यांना दातच म्हणणार.

१९ जानेवारी, रविवार

आजचं काम या सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत समाधानाचं. वहिनींनी सिलिकॉनची पुटी आणली. कवळी किंवा कॅप करताना माप घ्यायला वापरतात तीच, दोन डब्यांतली दोन रंगांची. दोन्ही सारख्या प्रमाणात मळायची आणि रंग एकजीव झाला की लगेच दाबायची, कारण काही मिनिटांत ती घट्ट होते. त्यांनी तिची लांब वळी केली आणि मानेपासून खालच्या काठापर्यंत उभी दाबून बसवली. काचेला चिकटत नाही, डाग पडत नाही. घट्ट झाल्यावर रबरासारखी अलगद सुटली. मग ब्लेडने तिचा लांबीच्या दिशेने काप घेतला आणि आलेखाच्या कागदावर ठेवून फोटो काढला. दातांचा उभा छेद जसाच्या तसा समोर आला.

काय दिसलं ते सविस्तर लिहिते. मानेजवळचे दात खोल आहेत, पाच मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यांच्या टोकाचा कोन काटकोनाला जवळ आहे. दोन्ही बाजू सपाट, धारदार. खाली येता येता दात तिरपे होत जातात, वरची बाजू लांब उताराची आणि खालची आखूड, जवळजवळ आडवी. शेवटच्या पट्ट्यात ते अगदी उथळ आहेत. शिवाय शेजारच्या दोन दातांचाही कोन तंतोतंत सारखा नाही, प्रत्येक दात आधीच्यापेक्षा किंचित फिरलेला आहे. आतल्या पन्हळींचा आडवा छेदही घेतला. त्या सगळ्या एकसारख्या गोलसर आहेत, कुठेही धार नाही.

शोभेसाठी साचा कोरणारा माणूस असं कधी करणार नाही. तो एक दात ठरवेल आणि तोच वरपासून खालपर्यंत उतरवेल. दर ओळीला कोन बदलणं महाग आहे, कंटाळवाणं आहे आणि लांबून दिसतही नाही. हे कोणीतरी गणित करून काढलेले दात आहेत. आणि गणित करायचं तर एक बिंदू धरावा लागतो: बल्बमधली उजेड देणारी तार नेमकी कुठे आहे, तिथून प्रत्येक दातावर उजेड किती तिरपा पडतो.

माझ्यासाठी ओळख इथेच निम्मी पटली. ही शोभेची काच नाही, उजेड वळवायचं यंत्र आहे.

२५ जानेवारी, शनिवार

भाची भौतिकशास्त्र शिकते, ती लेझर पॉइंटर घेऊन आली. खोलीत अंधार केला, दोन-तीन उदबत्त्या एकत्र लावल्या. धुरात किरण दोरीसारखा दिसतो. लेझर डोळ्यांच्या उंचीवर येऊ नये म्हणून दिवा जमिनीजवळ टांगला आणि आरसा, भांडी बाजूला ठेवली.

आधी पन्हळी. किरण आतून काचेवर पडला की पलीकडच्या भिंतीवर ठिपका उमटत नाही, लांबट आडवी रेघ उमटते. म्हणजे उभ्या पन्हळी उजेड फक्त डावीकडे-उजवीकडे पसरवतात. तारेचा झगझगीत ठिपका संपूर्ण घेरावर वाटला जातो आणि डोळ्यांना टोचत नाही. वर-खाली वळवण्याचं काम त्यांच्याकडे नाहीच, ते बाहेरच्या दातांकडे आहे.

खालच्या दातांतून किरण बाहेर पडतो, पण वाकून, जमिनीकडे झुकून. आणि मानेजवळच्या दातांवर मारला तर तो बाहेर जवळजवळ येतच नाही! काचेत शिरतो, दाताच्या एका बाजूवर आपटतो, मग दुसरीवर, आणि परत आत येऊन खाली जातो. साध्या काचेत साधारण ४२ अंशांपेक्षा जास्त तिरपा उजेड बाहेर निसटू शकत नाही, पृष्ठभाग त्याला पूर्णच्या पूर्ण परत फिरवतो. वर छताकडे वाया गेला असता तो उजेड टेबलावर येतो, तोही कुठे पाऱ्याचा मुलामा नाही की पांढरा रंग नाही. पूर्ण पारदर्शक काच आरशाचं काम करते.

भाचीने एक साधी परीक्षा दाखवली, ती कोणालाही घरी करता येईल. खालून आत बघत राहायचं आणि बाहेरून वरच्या दातांवर कोरडं बोट टेकवायचं. बोट जवळपास दिसतच नाही, दात चांदीसारखे चमकत राहतात. आता तेच बोट पाण्यात बुडवून टेकवायचं. जिथे ओलं बोट लागलं तिथली चमक जाते आणि बोटाचा रंग आत दिसतो. पाणी काचेला भिडलं की उजेडाला बाहेर जायला वाट मिळते. तेलाचंही तसंच. त्या चिकट पिवळ्या थराने हा दिवा नुसता मळला नव्हता, त्याचे वरचे दात कामातूनच गेले होते. ज्यांच्या घरी तो होता, त्यांना तो मंद वाटू लागला असणार, आणि म्हणूनच कदाचित उतरवला गेला असेल.

२८ जानेवारी

वाचन. आतून उभ्या पन्हळी आणि बाहेरून हिशेबाने कोन बदलणारे आडवे दात, ही जोडी १८९३ च्या पेटंटांमध्ये आहे. पेटंट दोघांचं: फ्रेंच अभियंता आंद्रे ब्लाँडेल आणि ग्रीक अभियंता स्पिरिडियन प्सारूदाकी. पुढे ऑटिस मायगॅट या अमेरिकन उद्योजकाने हक्क घेतले आणि त्यातून होलोफेन कंपनी उभी राहिली. अमेरिकेत त्यांची काच ओहायोतल्या नेवार्कच्या हायसी कारखान्यात दाबून निघायची. इंग्लंडमधला व्यवसाय लंडनहून चालायचा.

ब्लाँडेलबद्दल वाचताना उठून बसले. हा माणूस (१८६३–१९३८) फ्रान्सच्या दीपगृह खात्यात होता. प्रकाश मोजायचं 'ल्युमेन' हे एकक १८९४ मध्ये सुचवलं ते त्यानेच. आज आपण बल्बच्या खोक्यावर जे ल्युमेन वाचतो तेच. दीपगृहांसाठी फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलने १८२० च्या दशकात काचेच्या कड्यांचं भिंग केलं, त्याची रचना आठवून पाहा: मधली कडी उजेड वाकवतात आणि वरखालची कडी तो आतल्या आत परतवून समुद्राकडे पाठवतात. माझ्या काचेतही हीच वाटणी आहे, काही दात वाकवणारे, काही परतवणारे. क्षितिजाकडे जाणारा उजेड फक्त टेबलाकडे वळवलाय. दीपगृहाची विद्या घराच्या छतापर्यंत आली ती अशी. कोकणात दीपगृहाच्या माडीवर चढून ते भिंग ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना या दिव्याचे दात पाहताच नातं कळेल.

अशी काच इतरांनीही नंतर केली. म्हणून मान उघडल्याशिवाय नाव लिहिणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

कसब्यातली तांबट आळी. गेला आठवडाभर तिन्ही स्क्रूंच्या मुळाशी रोज डब्ल्यूडी फोर्टी या गंज सोडवणाऱ्या तेलाचे थेंब सोडत होते आणि रंगाचे पापुद्रे बांबूच्या काडीने काढत होते. दोन स्क्रू घरीच हलले. तिसऱ्याचं डोकं झिजून गेलेलं.

ज्यांच्याकडे नेलं त्यांनी आधी हातोडी बाजूला ठेवली. "काच आत असताना ठोकायचं नाही," असं म्हणून कानशीने स्क्रूच्या डोक्यावर नवी खाच पाडली. मग काचेभोवती ओलं फडकं गुंडाळून स्क्रूजवळच्या पितळेला तापलेली खिळी क्षणभर टेकवली, आणि स्क्रू चावीसारखा फिरला. कडं वर उचलताना आजूबाजूची ठोकाठोक थांबलेली आहे असं मला वाटत होतं, पण ती आळी, तिथे काही थांबत नाही.

मानेचा घेर उघडा झाला: बाहेरचा व्यास ८२ ते ८३ मिलिमीटर, म्हणजे सव्वातीन इंच, दिव्यांच्या काचांचं ठरीव माप. ओठाच्या वरच्या अंगाला पांढऱ्या रंगाचा ओघळ वाळलेला होता. तो ओल्या कापसाने भिजवून काढला. खाली उठावाची रोमन अक्षरं. पहिली दोन साच्याच्या जोडावर आल्यामुळे पुसट, पुढची सात अगदी ठसठशीत. होलोफेन. पुढे एक क्रमांक, त्याचा शेवटचा आकडा जोडाच्या रेषेत गेलाय.

तांबटकाकांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी काच हातात घेतली, उजेडाकडे धरून फिरवली आणि विचारलं, "साचा लोखंडात हाताने कोरला असेल ना हो?" साऱ्या गोष्टीतला खरा कस त्यांनी बरोबर ओळखला. कोन कागदावर काढणारा एक आणि तो पोलादात उलटा उतरवणारा दुसरा. दुसऱ्याचं नाव कुठल्याच पेटंटावर नसतं.

४ फेब्रुवारी

काळ ठरवते. होल्डर आणि कडं इंग्लिश मापाचं, काचेवर होलोफेन, तेव्हा माल इंग्लंडहून आलेला. कड्यात उरलेली वायर रबराची, वरून सुती वेणी. रबर बोटात घेतलं की चुरा होतं. पीव्हीसीची वायर दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली, तेव्हा जोडणी त्याआधीची. अर्थिंगचा स्क्रू नाही, कधी नव्हताच. मान सव्वातीन इंची, म्हणजे लांब मानेचे वायू भरलेले बल्ब धरून केलेली. असे बल्ब अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्यूरच्या १९१३ च्या शोधानंतर आले. त्यांची तार आधीच्या बल्बांपेक्षा फार झगझगीत होती, आणि ती डोळ्यांआड करायला अशा काचेची गरज वाढली. मी नोंदवहीत लिहिलं: १९२० ते १९४०.

कॅम्पातल्या बंगल्याची गोष्ट या सगळ्याशी जुळते.

९ फेब्रुवारी, रविवार

वायरिंग. काका घरी आले, चहाआधीच कामाला बसले. जुना होल्डर आतून शाबूत होता, पण स्प्रिंगा मेलेल्या. तो काढून पिशवीत घालून चिठ्ठीसकट ठेवला. जागी नवा पितळी होल्डर, त्याच आट्यांचा. सुती वेणीची तीन तारांची वायर घेतली आणि तिसरी तार पितळी कड्याला पक्की केली. धातूचा दिवा अर्थिंगशिवाय टांगायचा नाही, तो कितीही जुना आणि कितीही सुंदर असला तरी. वजन वायरवर येऊ दिलेलं नाही, साखळीवर आहे. आधी सिरीज लॅम्पवर तपासला, मग मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला. दोन्ही ठीक.

स्क्रू आणि काच यांच्यामध्ये बुचाची पातळ पट्टी. पितळ तापलं की काचेच्या साधारण दुप्पट फुगतं. दिवा गरम असताना कडं सैल वाटतं, म्हणून कोणी स्क्रू आवळला, तर थंड होताना तेच कडं मानेला आवळतं. जुन्या काचांच्या माना अशाच जातात. स्क्रू नेहमी थंड दिव्यावर, फक्त बोटांनी.

पितळ पितांबरीने लख्ख करायचं का, यावर घरात दोन मतं. मी नाही म्हटलं. नुसतं रिठ्याने धुतलं. त्यावरचा तपकिरी रंग शंभर वर्षांच्या जवळपासचा आहे, तो घासून परत आणता येत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ज्याच्यासाठी दात कोरले होते तो बिंदू शोधायचा. ४० वॅटचा पारदर्शक तारेचा बल्ब लावला, होल्डर वर-खाली सरकवत १.२ मीटर खाली टेबलावर फोनच्या उजेड मोजणाऱ्या लक्स मीटरने वाचन घेतलं. फोनचा मीटर प्रयोगशाळेचा नव्हे, पण तुलनेला पुरतो. नुसत्या उघड्या बल्बाखाली २६ लक्स. काच चढवल्यावर, होल्डर सगळ्यात वर असताना ४४. दोन सेंटिमीटर खाली आणला तर ५८. आणखी दोन सेंटिमीटर उतरवला की परत ४७.

म्हणजे तारेची जागा दोन बोटं चुकली तरी काच अर्ध्या जीवाने काम करते. त्या काळी होलोफेनच्या काचेबरोबर कड्याची उंचीही ठरवून दिलेली असे, ती याचसाठी. दुकानांत अशा काचा हल्ली कुठल्याही होल्डरवर लावून विकतात, ते बघून वाईट वाटतं. ५८ च्या जागी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट घडली, जी मीटर सांगत नाही: मानेपासून काठापर्यंत सगळे दात एकदम सारखे उजळले, आणि तार कुठे आहे ते दिसेनासं झालं.

एलईडीबद्दल. नऊ वॅटचा दुधी एलईडी लावून पाहिला. टेबलावर उजेड भरपूर, पण काचेचा वरचा भाग काळोखात. त्याचं बूड अपारदर्शक असल्यामुळे उजेड वर आणि मागे जातच नाही, मग परतवणाऱ्या दातांना परतवायला काही नसतं. चार वॅटचा पारदर्शक, आत तारेसारख्या पट्ट्या असलेला एलईडी मात्र छान बसतो. त्याच्या पट्ट्यांचा मध्य जुन्या तारेच्या जागी येईल असा होल्डर आठ मिलिमीटर वर घेतला. तो तापतही नाही, मानेला आराम.

१ मार्च, शनिवार

टांगला. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर, त्यात हुक, हुकाला जुनीच साखळी. जेवणाच्या टेबलावर काचेचा काठ टेबलापासून ७० सेंमीवर. स्वयंपाकघरापासून मुद्दाम लांब, फोडणीचा धूर पोचणार नाही अशा टोकाला.

टवका तसाच ठेवलाय. तो घासून काठ सारखा करून द्यायला एक जण तयार होते, पण शेवटचे दोन दात त्यात गेले असते.

देखभाल वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली, घरातल्या कोणालाही करता यावी म्हणून: होळीनंतर एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा, बटण बंद करून, दिवा थंड झाल्यावर, काच कड्यातून काढून रिठ्याच्या पाण्याने धुवायची. नळाचं पाणी काचेवर वाळू द्यायचं नाही, क्षाराचे डाग खाचांत बसतात. शेवटचा हात आरओच्या पाण्याचा. पुसताना कापड दातांच्या दिशेने फिरवायचं, वरच्या दातांना बोटं लावायची नाहीत.